सरांनी शिकवलेला बॉयकॉट

शिमग्याची पालखी आमच्या अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि वळली.

आईने सकाळीच अंगण सारवलं होतं. ओटीचं ताट घेऊन ती दारात उभी. ढोल वाजत पुढच्या घरी गेला. मागून शेजारची काकू चालली होती. आई म्हणाली, "अगो, देवीचा नारळ तरी घेऊन जा." काकूने तोंड फिरवलं.

पालखीचा पुढचा दांडा सरांच्या खांद्यावर होता.

हे सर आमच्याच भावकीतले. वरंध घाटाखालच्या आमच्या वाडीतून रोज हायस्कुलात इंग्रजी शिकवायला जायचे. दहावीत त्यांनीच मला हा शब्द शिकवला. बॉयकॉट. मुळात एका माणसाचं आडनाव. आयर्लंडातल्या जमीनदाराचा कारभारी. कुळांना जमिनीवरून हुसकवायला निघाला, तेव्हा कुळं एक झाली. त्याचं पीक कोणी कापेना. दुकानदार माल देईना. त्याच्या नावाचंच क्रियापद झालं. "गरिबांनी घडवलेला शब्द आहे हा," सर म्हणाले होते. मी वाक्यात वापरून दाखवला, तेव्हा वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

आणि आमचा गुन्हा काय? गावकीने ग्रामपंचायतीला एक माणूस बिनविरोध ठरवला होता. माझी विधवा आई त्याच्याविरुद्ध उभी राहिली. हरली. तरी देवळात बैठक झाली. आमच्याशी बोलेल त्याला दंड. गिरणीवाला दळण घेईना. रिक्षावाला आम्हाला बघून थांबेना. मुंबईतल्या चाकरमान्यांनी फोनवरून होकार कळवला. बैठकीत सरांनीही हात वर केला.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले. "सर, हा बॉयकॉटच ना?"

दार अर्धंच उघडलं. "तो शब्द वेगळा. ही गावाची शिस्त हाय. जा आता, कोण बघंल."

वर्गात सर 'आहे' म्हणायचे.

पुढे सरच गावकीचा निरोप घेऊन आले. अंगणातच उभे राहिले. "वहिनी, देवळात नारळ ठेवा. चुकलं म्हणा. मिटून जाईल."

आई हो म्हणाली असती. तिला बोलायला माणूस हवं होतं.

मी म्हटलं, "नाय ठेवणार."

"शिकलेली ना तू?"

"तुमच्याकडेच."

मी आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने लिहिलं, 'कुटुंबास वाळीत टाकण्यात आले.'

"टाकण्यात आलं नाय," मी म्हटलं. "टाकलं. कोणी टाकलं ते लिहा."

"गावाने, असं लिहितो."

"गावाने नाय. माणसांनी. नावं सांगते."

आई माझा हात दाबत होती, गप्प बस म्हणून. मी पहिलं नाव सरांचं सांगितलं.

केस चालू आहे. दळण अजून महाडहून आणतो. साक्षीला वाडीतलं कोणी येणार नाही, ठाऊक आहे. मी जाईन. कोर्टात सर समोर उभे असतील. त्यांच्याकडे बघत मी सगळी नावं पुन्हा सांगेन, त्याच क्रमाने.