लाईट आली की आपोआप

“ताई, तुमच्या मशीननं दुसरा फोन जाळला,” रफिकभाई फोनवर म्हणाले. “आता तिसरा जळला, तर मी दुकानाला कुलूप लावतो आन मळ्यात कांदं लावायला जातो.”

मी मंचरला इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं वर्कशॉप चालवते. रफिकभाईंचं जुन्नरला रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. गावोगावी मोबाईल पोचू लागले, तसं त्यांनी पाटीवर मोबाईलही लिहून घेतलं. महिन्यापूर्वी मी त्यांना एक डिजिटल पॉवर सप्लाय बनवून दिला होता.

घरातली वीज २३० व्होल्टची. मोबाईलला लागतात पावणेचारच्या आसपास, तेही डीसी, म्हणजे बॅटरीतून येते तशी एकाच दिशेने वाहणारी वीज. एकातून दुसरी बनवणारं खोकं म्हणजे पॉवर सप्लाय. जुन्या सप्लायला नॉब असतो. तो फिरवायचा आणि काट्याकडे बघत राहायचं. माझ्या सप्लायला कीपॅड होता. ३.७ टाइप करा, एन्टर दाबा, ३.७ व्होल्ट हजर. १३.८ टाका आणि स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावा. आत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर, आकडा वाचून व्होल्टेज ठरवायचा.

काम हातात घेण्याआधी मी वहीत मुद्दे लिहिते आणि गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवते. रफिकभाईंनी सहा मुद्द्यांना मान डोलावली. सातवा होता, ‘सप्लाय चालू होताना आउटपुट शून्य.’

“हे खोडा,” ते म्हणाले.

“का?”

“दिवसात चारदा लाईट जाती. दर टायमाला आकडा कोण टाकत बसंल? आमच्या हिरीवरच्या मोटारीला ऑटो हाये. लाईट आली की मोटार आपोआप चालू, माणूस घरी जेवतोय. तसंच पायजे.”

“मोटार पाणी ओढते, भाऊ. तुम्ही इथे नाजूक वस्तू लावणार.”

“आन बॅटरी चार्जिंगला लावून मी जेवायला गेलो, तर? लाईट जाऊन आली की मशीननं आपला आकडा आठवायचा आन कामाला लागायचं.”

मी सातवा मुद्दा खोडला. आकडा लक्षात ठेवायला एक मेमरी चिप जास्तीची टाकली. त्याच वेळी ठाम नाही म्हणाले असते, तर पुढचे दहा दिवस वाचले असते.

दुसरा फोन जळल्यावर रफिकभाई खोकं मांडीवर घेऊन एसटीने मंचरला आले आणि माझ्या टेबलावर आदळून गेले. मी ते उघडलं. पहिला संशय मुख्य ट्रान्झिस्टरवर. तो शॉर्ट झाला की आतलं सगळं व्होल्टेज सरळ बाहेर पडतं. ट्रान्झिस्टर ठणठणीत. मग कीपॅड. एकदा दाबलेली की दोनदा वाचली जाते का? शंभर वेळा ३.७ टाइप केलं. शंभर वेळा ३.७ आलं. लोड म्हणून बल्ब लावून सप्लाय तीन दिवस सलग चालवला. माझ्या टेस्टच्या यादीत चौदा मुद्दे होते. चौदाही पास.

मी फोन केला. “सप्लाय व्यवस्थित आहे. तुमच्याकडून आकडा चुकत असेल.”

“बावीस वर्षं सोल्डरिंग करतोय मी, ताई. तीन आन तेरा कळत न्हाई व्हय मला? बाजारात लोक काय म्हणत्यात माहीत हाये का? रफिककडं फोन देऊ नका, भाजून देतो.”

 खोकं उचललं आणि मीच जुन्नरची एसटी पकडली. ट्रान्सफॉर्मरमुळे ते चांगलंच जड होतं. कंडक्टरने विचारलं, “ताई, मिक्सर हाये का?” मी हो म्हणून टाकलं. समजावून सांगायची ताकद नव्हती.

दुकानात बबनराव बसलेले होते. मढचे जीपवाले. पहिला जळालेला फोन त्यांचाच.

“ह्याच का त्या मशीनवाल्या बाई?” त्यांनी मला न विचारता रफिकभाईंना विचारलं. “बाई, माळशेजकडच्या समद्या पाशिंजरांचे नंबर त्यात व्हते. आता मला कोण बोलावणार? रस्त्यात उभं राहून हाका मारू का?”

त्या फोनच्या बदल्यात रफिकभाईंनी त्यांना स्वतःचा जुना फोन दिला होता. तोही आता मध्येच बंद पडत होता, आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय बबनराव हलणार नव्हते. आता जळला, तर तिसरा फोन हाच.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि ठरवलं, कशालाही हात लावायचा नाही. फक्त बघायचं.

सकाळी रफिकभाईंनी एका स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावली. आकडा १३.८. बरोबर टाकला. अकराच्या सुमारास लाईट गेली. स्क्रीन काळी झाली, पंखा थांबला. स्कूटरवाला आला आणि जेवढी चार्ज झाली तेवढी बॅटरी घेऊन गेला. रफिकभाईंनी दाराच्या उजेडात बबनरावांचा फोन उघडला, ब्रशने साफ केला. मग सप्लायच्या लाल आणि काळ्या क्लिपा उचलल्या आणि फोनच्या बॅटरीच्या जागी नीट लावल्या.

“हे काय करताय?” मी विचारलं.

“तयारी. लाईट आली की लगीच बघायचं. बसून काय करू?”

यात त्यांचं काही वेगळं नव्हतं. आमच्या दोन्ही तालुक्यांत सगळे असंच काम करतात. गिरणीवाला दळण ओतून ठेवतो, लेथवाला कातायचा लोखंडी जॉब मशीनला बांधून ठेवतो, आणि मग लाईटची वाट बघायची.

मी सप्लायकडे पाहिलं. मागचं बटण चालूच होतं. शेवटचा आकडा कुठला होता, ते मला आठवलं. मी स्टुलावरून उठले आणि फोनवरून लाल क्लिप उपटली.

“ओ बाई, हात लावू नका त्याला!” बबनराव ओरडले.

“थांबा. आता फक्त थांबा.”

वीस मिनिटांनी लाईट आली. ट्यूब फडफडली, पंखा फिरला, शेजारची गिरणी सुरू झाली. आणि कोणीही हात न लावता आमचं खोकं सुरू झालं. स्क्रीनवर १३.८. मी दोन्ही क्लिपांना मीटर लावला. १३.८.

 मग बबनराव रफिकभाईंकडे वळले. “म्हंजी मशीननं न्हाई, तूच भाजला व्हय रं माझा फोन?”

रफिकभाईंनी मीटरवरचा आकडा पुन्हा वाचला. “ऑटो मीच मागितलं व्हतं,” ते म्हणाले. आणि लगेच, “पण ताई, मी मागितलं म्हणून तुमी दिलं कशाला?”

मला भयंकर राग आला. जास्त राग याचा, की प्रश्न बरोबर होता. माझ्या वर्कशॉपला इन्व्हर्टर होता. टेस्टिंगच्या तीन दिवसांत माझ्या टेबलावर एकदाही लाईट गेली नव्हती. चौदा मुद्द्यांत तो मुद्दाच नव्हता. जिथे दिवसात चारदा लाईट जाते, तिथे वापरायची वस्तू मी लाईट न घालवता पास केली होती.

मंचरला परत आले आणि प्रोग्राम बदलला. लाईट आली की जुना आकडा स्क्रीनवर लुकलुकेल, पण आउटपुट बंद राहील. आकडा बघून हिरवं बटण दाबलं, तरच वीज बाहेर येईल.

“मग ऑटो कुठं राहिलं?” रफिकभाईंनी विचारलं.

“आकडा ऑटो. वीज तुमच्या हातात.”

ते कुरकुरले, पण घेऊन गेले. त्यानंतर एकही फोन जळला नाही. बबनरावांनी जीपच्या काचेवर मोठ्या अक्षरांत स्वतःचा नंबर रंगवून घेतला, म्हणजे पाशिंजरच त्यांचा नंबर ठेवतील.

दोन महिन्यांनी पुन्हा फोन. “ताई, तुमचं हिरवं बटण खराब हाये. लाईट आल्यावर काय चालू व्हत न्हाई.”

मी जुन्नरला गेले. हिरव्या बटणाच्या फटीत आगपेटीची काडी खुपसलेली होती, बटण कायमचं दाबलेलं राहावं म्हणून. विहिरीवरच्या स्टार्टरला लोक जे करतात, तेच.

“खराब नाही,” मी म्हणाले. “काडी काढा, मग दाबा.”

त्यांनी काढली, दाबलं. ३.७ सुरू झालं. ते काडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. लाईट येतानाच बटण दाबलेलं असेल, तर ते मोजायचं नाही, असं मी प्रोग्राममध्येच लिहून ठेवलं होतं.

माझ्या टेस्टच्या यादीत आता सोळा मुद्दे आहेत. पंधरावा, लाईट घालवून परत आणणे. सोळावा, बटणात काडी घालून बघणे. गिऱ्हाइकाला मी मुद्दे अजूनही मोठ्याने वाचून दाखवते. फक्त हे दोन सोडून, कारण वाचले की ते म्हणणार, “हे खोडा.”