आतल्या खोलीची भिंत

“हे ब्लॉक न्हाईत सायेब, चहात बुडवायचे टोस्ट हायेत,” बाहेर अंगणात ड्रायव्हर म्हणाला. तो साताऱ्याकडचा. आमचे इंजिनिअर पुण्याचे. ते हसले. “ज्याने पाडलेत ना, त्यालाच आणून ठेवा इथे राहायला,” म्हणाले.

मी आत बायकांच्या खोलीत, भिंतीपाशी गुडघे टेकून बसले होते. स्क्रू-ड्रायव्हर भिंतीत टोचायचा आणि किती आत जातो ते लिहायचं, एवढंच माझं काम. तो मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा फरशीवर पांढरट भुगा सांडला.

मी एकोणीस वर्षांची होते, त्या ऑफिसात टायपिस्ट. सत्तर सालानंतर दोह्यात बांधलेली कितीतरी घरं दहा वर्षांतच आतून पोकळ होऊ लागली होती. भिंतींच्या सिमेंटच्या ब्लॉकमध्ये मीठ होतं. अशा घरांच्या दुरुस्तीला सरकार पैसे देणार होतं आणि आमच्या भागातली तपासणी आमच्या ऑफिसकडे होती. पण कतारी घरात आतल्या खोल्यांत परका पुरुष जात नाही. साहेब बाहेरच्या बैठकीत थांबायचे आणि मला आत पाठवायचे. मी बोलत नसे, म्हणून त्यांना मी बरी वाटायची.

घर एका म्हाताऱ्या विधवेचं होतं. तिनं पलंग खोलीच्या मधोमध ओढून घेतले होते. रात्री भिंतींचे तुकडे पडतात, हे तिनं मला मोडक्या हिंदीत सांगितलं. मग कपाट थोडं सरकवून मागची भिंत दाखवली. तिथलं प्लास्टर गळून गेलं होतं आणि खालून तिसऱ्या थरातल्या एका ब्लॉकवर तीन बोटांच्या रेघा होत्या.

त्या मी लगेच ओळखल्या. माझे बाबा ब्लॉकच्या कारखान्यात मुकादम होते. रोज सकाळी पहिल्या ब्लॉकवर, सिमेंट ओलं असतानाच, ते तीन बोटं ओढायचे. ब्लॉकना आठवडाभर पाणी मारावं लागतं, तेव्हा कुठल्या दिवसाचा माल कुठून सुरू होतो ते त्यावरून कळायचं. दुसरं कोणी असं करत नसे. शुक्रवारी कामगारांना सुट्टी, म्हणून आम्ही घरचेच जायचो आणि पाइप माझ्या हातात असायचा. पाणी आवारातल्या विहिरीचं. ओठांवर उडालं की खारट लागायचं. एकदा मी बाबांना तसं म्हटलंही. “ब्लॉकना कुठे प्यायचंय?” ते म्हणाले. आई हसली, मीही हसले.

फॉर्मवर एक रकाना होता: ब्लॉक कुठल्या कारखान्याचे? ज्या कारखान्यांचा माल खराब ठरला होता, त्यांची यादी होती आणि त्यांचे ब्लॉक लावलेल्या घरांनाच पैसे मिळणार होते. बाबांच्या कारखान्याचं नाव त्या यादीत होतं. बाईकडे ब्लॉकची पावती नव्हती. नवऱ्याबरोबर गेली, म्हणाली. नाव लिहिलं असतं तर ते मला कसं कळलं हे साहेबांना सांगावं लागलं असतं. मी रकान्यात लिहिलं, ‘माहीत नाही’.

“सब लिखा?” तिनं विचारलं.

“हां, अम्मा.”

तिनं मला कॉफी दिली, वर खजूर दिले. मी तीन खजूर खाल्ले. गाडीत ड्रायव्हरनं टोस्टचा विनोद पुन्हा केला तेव्हा मी हसलेसुद्धा.

संध्याकाळी जेवताना मी बाबांना विचारलं, ब्लॉकना खारं पाणी का मारायचात; तेही इंग्रजीत. अवघड गोष्टी मी घरात इंग्रजीतच बोलायची. कॉन्व्हेंटमधून तेवढं एक शिकून आले होते.

“गोड्या पाण्याचा टँकर आठवड्याला एकच यायचा,” बाबा मराठीत म्हणाले. “मालक म्हणाला चालवून घे. घेतलं चालवून.” मग त्यांनी विचारलं, “मी तिथे होतो हे तुझ्या साहेबांना ठाऊक आहे?”

“No.”

“मग राहू दे. या वयात दुसरी नोकरी कोण देणार मला?”

ते आता इंडस्ट्रियल एरियात एका गोदामावर होते. व्हिसा तिथल्या मालकाच्या हातात. भात तसाच ठेवून ते उठले. मला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी बरंच वाटलं. आता मी गप्प राहिले तर ती बाबांची आज्ञा, माझा भित्रेपणा नाही.

शाळेत असताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘सुपरवायझर’ लिहीत असे. मुकादम म्हणजे काय, हे मैत्रिणींना सांगायची लाज वाटायची. म्हणजे रकान्यात खोटं लिहायची मला सवय होती.

चार दिवसांनी त्या बाईची फाइल माझ्या टेबलावर आली. साहेब खिडकीशी उभं राहून पत्र सांगत होते आणि मी टाइप करत होते. पावती नसल्यामुळे आणि कारखान्याची माहिती उपलब्ध नसल्यामुळे आपला अर्ज...

“बिचारी,” साहेब मध्येच म्हणाले. “छताखाली सापडेल एखाद दिवशी. पण आपण तरी काय करणार? हं, पुढे. आपला अर्ज नामंजूर...”

माझी बोटं थांबली.

“काय गं, रिबन अडकली का?”

“नाही, सर.”

“मग?”

ड्रायव्हर दारात चहाचे ग्लास घेऊन उभा होता. त्याच्यासमोर बोलावं लागणार होतं. मी मशीनकडे बघतच बोलले.

“सर, ‘माहीत नाही’ हे मी खोटं लिहिलं. ते ब्लॉक माझ्या बाबांनी पाडलेत.”