कडूबाई पिच्चर तपासतात

मोनिकाच्या लग्नाच्या बायोडाट्यात मी सात ओळी जास्त लिहिल्या आणि जमू पाहणारं लग्न अडखळलं. चूक माझीच, हे आधीच सांगून मोकळा होतो.

सोनईत कुणाला काही लिहून हवं असलं की लोक माझ्याकडे येतात. शाळेतून निवृत्त झालो, पण वाढदिवसाच्या फ्लेक्सपासून दशक्रियेच्या पत्रिकेपर्यंत मजकूर अजून माझाच. मोनिका ही आमच्या कोपऱ्यावर खानावळ चालवणाऱ्या कडूबाईंची मुलगी. नर्सिंग करून नगरला एका दवाखान्यात लागलेली. तिची उंची, रक्तगट, मामाचं गाव सगळं रीतसर लिहिलं. 'आईचा व्यवसाय' यापुढे कडूबाईंनी एकच शब्द सांगितला होता : खानावळ. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मराठीचा मास्तर कसला. मी पुढे लिहिलं, 'अठरा वर्षे उसाच्या फडात रक्ताचे पाणी करून, उपाशीपोटी, अश्रू गिळत या माउलीने...' सात ओळींत माउली तीनदा आली. लिहिताना माझेच डोळे पाणावले, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत तो कागद चार तालुक्यांच्या वधूवर ग्रुपांवर फिरून आला.

दुसऱ्या दिवशी चहाला गेलो, तर कडूबाई मोबाईल हातभर लांब धरून वाचत होत्या. वाचून झालं. मोबाईल पालथा ठेवला.

"गुरुजी, ह्यात मी मरती कधी?"

"म्हणजे?"

"न्हाई, अशी सुरू झालेली बाई मध्यंतरानंतर मरतीच. म्हनून इचारलं."

हे बोलण्याचा कडूबाईंना अधिकार आहे. त्या पाथर्डीकडच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे रामहरीबरोबर, दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जायच्या. पहिला पिच्चर त्यांनी कोपरगावकडे पाहिला. उसाच्या पाचटाच्या कोपीसमोर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीसमोर, मुकादमाने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावला होता. त्यात एक गावरान नायिका डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढत होती आणि चढता चढता गात होती. सगळा तळ खूश. कडूबाई तेवढ्या म्हणाल्या, "हंडे रिकामे हायेत." त्या दिवसापासून त्यांचा सिनेमावरचा विश्वास उडाला आणि त्याच दिवसापासून त्यांना सिनेमाचं वेड लागलं. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, हे मला चौदा वर्षांच्या शेजारात कळलेलं नाही.

ऊसतोड सोडून त्या सोनईत स्थिरावल्या, खानावळ काढली. शुक्रवारी दुपारी त्या नगरला पिच्चरला जातात. त्या दिवशी स्वयंपाक रामहरी बघतो. आमटी पातळ होते, पण गिऱ्हाईक तक्रार करत नाही. रात्रीच्या जेवणाला कडूबाई स्वतः वाढतात आणि वाढता वाढता पिच्चरची उलटतपासणी सांगतात. थिएटरात त्या कडेची खुर्ची धरतात. पिशवी मांडीवर, हाताची घडी, नजर पडद्यावर नाही तर पडद्यावरच्या माणसाच्या हातांवर. माणूस तोंडानं खोटं बोलतो, हाताला ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"परवाच्या पिच्चरमधी ती बाई नथ घालून भांडी घासत हुती," त्या सांगतात. "आमची नथ लग्नाला डब्यातनं निघती आन् लग्न झालं की डब्यात जाती. आन् गरिबाचं घर दावलं की भिंतीला कंदील. आता कंदील इकत तरी मिळतो का कुठं?"

"वातावरणनिर्मिती असते ती," मी म्हणतो.

"आसंल. आपल्या बाजूचा मानूस पिच्चरमधी एक तर हसवायला येतो, न्हाईतर मरायला. मधलं काम त्याला कुनी देत न्हाई."

दाक्षिणात्य मारामारीच्या सिनेमांना मात्र त्यांच्याकडे सूट आहे. नायकाने लाथ मारली आणि जीप झाडावर गेली तरी त्या शांत असतात. "ते सांगून खोटं बोलत्यात, त्यांचं काय न्हाई. मला भ्या वाटतं ते खरं दावतो म्हननाऱ्याचं."

मी एकदा म्हणालो, सिनेमात बामण मास्तर आला की तो चिकट असतो, मलाही वाईट वाटतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी चिकट हायच की. पर ते बामन हाय म्हनून न्हाई. लीनावहिनी तुमच्या हातात पाकीट देत न्हाईत म्हनून." माझ्या बायकोने हे ऐकलं तेव्हा तिने कडूबाईंना घरी बोलावून पोहे खाऊ घातले.

असो. तर माझ्या सात ओळींचा परिणाम असा झाला की देवळाली प्रवऱ्याहून सविताबाई नावाच्या एका बाईंचा मला फोन आला. त्यांचा मुलगा ओंकार, साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्या फोनवर रडत होत्या. "गुरुजी, किती सोसलं हो त्या ताईंनी. मुलगी आम्ही बघायला येतो." मला वाटलं, लेखणी सार्थकी लागली.

ओंकार आणि मोनिका आधी मोबाईलवर बोलले, मग नगरला चहाला भेटले, एकमेकांना आवडले. सगळं सरळ होतं. मग रविवारी मायलेक सोनईला आले. ओंकार दिसायला साधा, खाली मान घालून पोहे खाणारा. सविताबाईंनी आल्या आल्या एक मोठी पिशवी कडूबाईंच्या हातात दिली. त्यात चार साड्या होत्या, वापरलेल्या, धुऊन इस्त्री केलेल्या. मग त्यांनी रामहरीकडे पाहून आवाज हळू केला.

"ताई, यांची सुटली का आता?"

"काय?"

"दारू हो."

रामहरी सुपारीसुद्धा खात नाही. तो बिचारा उठून आत गेला आणि कांदा चिरू लागला. कडूबाईंनी पिशवी बाजूला ठेवली. रागावल्या नाहीत. त्यांनी हाताची घडी घातली. मी ती घडी ओळखतो.

पाहुणे गेल्यावर मोनिकाने आईला धरलं. "आई, आधीची दोन स्थळं तू संशयानं घालवलीस. एकाचे बूट लई चकाकत हुते म्हनून, एकाची आई लई गोड बोलती म्हनून. ह्या टायमाला मला पोरगा आवडलाय. हे मोडलं तर मी पुन्हा बघायला बसनार न्हाई."

"मोडत न्हाई. पर ती बाई तुला सून करून नेती का दया करून नेती, ते कळू दे. दयेवर नेलेली पोर जलमभर वाकून ऱ्हाती."

"ते कसं कळनार?"

"शुक्रवारी पिच्चरला घिऊन जाऊ दोघान्ला," कडूबाई म्हणाल्या. "घरात मानूस पावना असतो. अंधारात तो कुठं हसतो, कुठं रडतो, त्याच्यावर कळतं."

मुलगी बघण्याचे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले, पण थिएटरात मुलगा बघण्याचा हा पहिलाच. सविताबाई फोनवर लगेच तयार झाल्या, कारण लागलेला पिच्चर नेमका ऊसतोडीवर होता. कुठल्याशा परदेशी महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं होतं आणि जाहिरातीत 'सत्य' हा शब्द चार वेळा होता. कडूबाईंनी चारही मोजले.

बसायची जागा त्यांनी ठरवली. सविताबाई, मग ओंकार, मग स्वतः, मग मी, आणि पार टोकाला मोनिका. "शेजारी बसायचं ते अक्षता पडल्यावर," असं तिला ऐकवलं. दिवे गेले. कडूबाईंचं तोंड पडद्याकडे होतं. नजर तिरकी, ओंकारवर.

पिच्चरमध्ये दहाव्या मिनिटाला नवऱ्याने बाटली काढली. कडूबाईंनी मला कोपर मारलं. विसाव्या मिनिटाला नायिकेला ताप आला. मागच्या रांगेत नाकं ओढायला सुरुवात झाली होती, सविताबाई तर पदर तोंडाशी धरून हुंदके देत होत्या. मग तो मोठा प्रसंग आला. नायिका तापानं फणफणलेली, कोयता घेऊन फडात उतरते, पार्श्वभूमीला सनई, आणि ती सपासप ऊस तोडू लागते. सगळं थिएटर गप्प झालं. आणि ओंकार हसला.

आवाज नव्हता, पण त्याचे खांदे गदगदत होते. त्याने रुमाल तोंडात कोंबला. सविताबाईंनी त्याच्या मांडीला चिमटा काढलेला मला अंधारातही दिसला. मी मोनिकाकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. ऊसतोडीच्या बाईच्या दुःखावर हसणारा जावई. संपलं सगळं, मी मनात म्हणालो.

मध्यंतर झालं. बाहेर वडे घेऊन आम्ही खांबापाशी उभे राहिलो. कडूबाईंनी वडा कागदावर ठेवला.

"हसलास का रं?"

ओंकार लाल झाला. "चुकलं, मावशी."

"चुकलं का बरुबर, ते मी ठरवीन. का हसलास?"

"ती ऊस कमरंतनं तोडत हुती," तो हळूच म्हणाला. "निम्मा ऊस रानातच. बुडख्याला गोडी असती, जमिनीलगत घाव घालावा लागतो. आमच्याकडं असं तोडलं असतं तर मळेवाल्यानं तिच्या हातातला कोयता काढून घेतला असता. सगळी रडाय लागली आन् मला बुडखेच दिसाय लागले."

कडूबाईंचा चेहरा हलला नाही. पण त्यांनी आपल्या कागदावरचा दुसरा वडा उचलून त्याच्या कागदावर ठेवला. चौदा वर्षांत मी त्यांना कुणाला स्वतःच्या ताटातलं देताना पाहिलं नव्हतं. मोनिकाने इतक्या वेळात पहिल्यांदा आपल्या वड्याचा घास घेतला.

"आन् तुमी?" कडूबाई सविताबाईंकडे वळल्या. "तुमाला न्हाई दिसले बुडखे?"

"दिसले की," सविताबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. देवळालीत नुसतं राहून ते दिसतात की नाही, मला ठाऊक नाही. कडूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी सविताबाईंचा डावा हात धरला, पालथा केला, अंगठ्याच्या मुळाशी असलेला कोयत्याचा जुना पांढरा व्रण पाहिला. मग स्वतःचा डावा हात शेजारी धरला. तिथेही तसाच व्रण, थोडा लांब.

"किती सीझन?" कडूबाईंनी विचारलं.

"तीन," सविताबाई पुटपुटल्या. "कोपरगावकडं. मग ह्याच्या वडलांना कारखान्यात काम लागलं. तवापासून कुनाला सांगितलं न्हाई. देवळालीत कुनाला म्हाईत न्हाई, ह्याला पन न्हाई." ओंकार आईकडे बघतच राहिला. "ती बाई तोडती खोटं, कळत हुतं मला. पर तिनं लेकरू पाचटावर निजवलं ना, तिथनं माझं मलाच आवरंना. तुला असंच टाकायचे रं मी."

ओंकारने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मला गहिवरून आलं. माझ्या डोक्यात दोन ओळी तयारही झाल्या. त्या मी वड्याबरोबर गिळल्या. घंटा वाजली, सगळे आत गेले. उरलेल्या पिच्चरमध्ये नायिका मेली. आमच्या रांगेत कुणी रडलं नाही.

परतीच्या एसटीत मी आणि कडूबाई एका बाकावर होतो. मायलेक देवळालीच्या गाडीला गेले होते. मोनिका नगरलाच तिच्या खोलीवर राहिली होती आणि तिचे आईला तीन मिस्ड कॉल येऊन गेले होते. कडूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर तोडलेल्या उसाचं रान लागलं, तेही त्यांनी मान वळवून शेवटपर्यंत तपासलं.

"मग कडूबाई," मी विचारलं, "आता तर सगळंच जुळलं. ती तुमच्यातलीच निघाली. मोनिकाला सांगू ना, जमलं म्हणून?"

"पोरगा पास, आईला आनखी एक पिच्चर दावावा लागंल."