पियानो कुठून आणू?

हॉलमधले सगळे हसले, तेव्हा पडद्यावर माझ्या आईचं वाक्य होतं. ‘पियानो कुठून आणू?’ खाली त्याचं इंग्रजी. त्याखाली ‘सहभागी क्र. ४७, शिक्षण नाही.’ अंधेरीतल्या त्या गारेगार हॉलमध्ये मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते, कारण खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. ते वाक्य फॉर्मवर मीच लिहिलं होतं, माझ्या अक्षरात. लोकांचं हसू थांबेना, तेव्हा माईकवरून सर्व्हेचे निष्कर्ष सांगणाऱ्या मॅडमही हसल्या.

मी मॅडमच्या संस्थेत सर्व्हेचं काम करायचे. विषय स्मरणशक्तीचा. कमी शिकलेल्यांच्या लक्षात किती राहतं, विज्ञानाबद्दल त्यांच्या समजुती काय. मुलाखतीत मॅडमनी माझं आडनाव दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "छान. वस्तीत तुला दारं उघडतील." मी खूश झाले होते. आज त्या खुशीची लाज वाटते.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली. पन्नाशीपुढच्या बायका कमी पडत होत्या, म्हणून मॅडम म्हणाल्या, तुझ्या आईलाच घेऊ. स्वतः बघायला आल्या. आईने त्यांना घरातलं एकुलतं एक स्टूल दिलं आणि आपण खाली बसली. माझी आई सहा घरी स्वयंपाक करते. कुठे कांदा-लसूण चालत नाही, कुठल्या आजोबांना मीठ कमी, कोणाचा उपास कधी, सगळं तोंडपाठ. तिने कधी काही लिहून ठेवलं नाही. लिहिताच येत नाही.

नियम असा, की कागदावर छापलंय तेवढंच वाचायचं. आईलासुद्धा अहो-जाहो. मी वाचलं, "मी काही शब्द वाचते. नीट ऐका. मग मला सांगा." पंधरा शब्द. लिंबू, चादर, खिळा, साबण, पियानो, असलेच. आई बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत ऐकत राहिली. संपलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मॅडमकडे वळून अदबीने म्हणाली, "लिंबू, हळद, साबण, दोरी, खिळे आणते. पियानो कुठून आणू? बाकीचं तुमच्या घरात असेल."

तिला वाटलं, बाईंनी सामान सांगितलं. अशी बाई समोर बसलेली असताना वस्तूंची नावं घेतली जातात ती आणण्यासाठीच. तीस वर्षं तिने दुसरं काही ऐकलेलं नाही. मला कळलं. मॅडमनाही कळलं, त्या गालात हसल्या. मी समजावून सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "प्रॉम्प्ट नाही करायचं." मी पेन उचललं. पियानो धरून सहा मार्क लिहिले.

त्याच फॉर्मच्या मागच्या पानावर एक प्रश्न होता. आठवण कॅमेऱ्यातल्या व्हिडिओसारखी असते, कधी बदलत नाही, हे बरोबर की चूक? आई म्हणाली, "चूक. माझं लग्न मी दर वेळी वेगळंच सांगते." तेच उत्तर बरोबर होतं. भलेभले शिकलेले इथे चुकतात, हे मॅडमनीच आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. हॉलमध्ये ते पान त्यांनी दाखवलं नाही.

"म्हणून," मॅडम माईकवर म्हणाल्या, "या वर्गाला माहिती द्यायची ती लहान मुलांना देतो तशी."

मी भिंत सोडून दोन पावलं पुढे आले. मोठ्याने बोलले. "सत्तेचाळीस नंबर माझी आई आहे. तिला वाटलं, तुम्ही सामान आणायला सांगताय. तुम्ही तिथेच बसला होतात. तिचा फॉर्म काढून टाका."

सहभागी कधीही माघार घेऊ शकतो, असं संमतीपत्रातच लिहिलेलं आहे. ती ओळ घरोघरी मीच वाचून दाखवली होती. एकानेही माघार घेतली नव्हती.

मॅडम शांत होत्या. "डेटामध्ये नावं नसतात. आणि सायन्स भावनेवर चालत नाही. आपण नंतर बोलू." मग चहा आला.

नंतर कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, उद्यापासून येऊ नकोस. पुढे मॅडमचा संशोधनाचा पेपर छापून आला. आई त्यात आहे, इंग्रजीत.

खरी वाट लावली ती मी. रागाच्या भरात आईला सगळं सांगून बसले, सहा मार्कांसकट. ती एवढंच म्हणाली, "हसले होय?" तेव्हापासून ती गॅस बंद केला का ते दोनदा बघते. परवा कामाला निघाली आणि दारातून परत आली. "बाय, आज चतुर्थी ना? कोणाकडे कांदा घालायचा नाही, सांग जरा." हे तिने मला जन्मात कधी विचारलं नव्हतं. मला मॅडमचा राग आला, आणि तेवढाच माझाही.

तिचा स्वतःवरचा भरवसा कसा परत आणायचा, मला ठाऊक नाही. बहुतेक येणार नाही. पेपरही कोणी मागे घेणार नाही. संस्था दुसरी मुलगी शोधेल, तिचंही आडनाव दोनदा विचारेल. ती आमच्या वस्तीत येईल तेव्हा तिच्याआधी मी दारोदारी गेलेली असेन. माघारीची ती ओळ वाचून दाखवीन, आणि या वेळी ‘नाही’ म्हणून दाखवायलाही सांगीन. आणि तो पेपर जिथे जिथे वाचला जाईल असं मला कळेल, तिथे मी जाणार. खुर्ची नसली तर भिंतीशी उभी राहणार. सत्तेचाळीस नंबर माझी आई आहे. तिचा फॉर्म काढून टाका.