चौथी चिठ्ठी

माझ्या मावसबहिणीला घरात सगळे धांदल म्हणतात. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, अशी ती. तरी माझ्या आईला तिचंच कोण कौतुक! आम्ही दोघी एकाच वर्षी इलेक्ट्रिकल शिकलो आणि एकाच ड्रोन कंपनीत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला लागलो. शेवटी दोघींपैकी एकीलाच कायम करणार होते. स्पष्टच सांगते, ती नोकरी मला हवी होती, आणि तिला मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं.

तिथे एक पद्धत होती. ज्याच्या हातून काही जळेल, त्याने काय चुकलं ते स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावायचं. चार महिन्यांत धांदलीच्या तीन चिठ्ठ्या लागल्या. माझी एकही नाही. मी डबा खायला मुद्दाम त्या भिंतीसमोर बसायचे.

मग एका दुपारी मी मोटर चालवणाऱ्या बोर्डाला बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या. चट् असा आवाज, जळका वास, खेळ खलास. खोलीत कुणीच नव्हतं. मी खिडकी उघडली आणि बोर्ड गुपचूप फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी नेमका तोच धांदलीने उचलला. तो चालेना, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "मीच तारा उलट्या जोडल्या असणार. माझं नेहमीचंच." चौथी चिठ्ठी लागली. टाचणी मीच शोधून दिली. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला.

पण बाई तेवढ्यावर थांबली नाही. आठवडाभर खपून तिने एक छोटी डबी बनवली. ती बॅटरी आणि बोर्डाच्या मध्ये लावायची. तारा उलट्या असल्या तर लाल दिवा लागतो आणि वीज पुढे जातच नाही. महिन्याभरात प्रत्येक टेबलावर तशी एक डबी आली.

शेवटच्या दिवशी मोठ्या इंजिनिअर बाईंनी आम्हाला बोलावलं. नोकरी धांदलीला मिळाली, त्या डबीसाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती चूक माझी होती, हक्काची माझी. पण आता सांगणार कुणाला?

बाहेर आल्यावर धांदल माझ्या गळ्यात पडून रडली.

"खरं तर तुलाच मिळायला हवी होती गं," ती म्हणाली. "तुझ्या हातून कधी काही बिघडलंच नाही."

"हो ना," मी म्हटलं.