मिटल्या तोंडाची गाडी

दामू मिस्त्री कुठलीही वस्तू उभ्याने बघत नसत. आधी उकिडवे बसत, टोपी मागे सारत, डावा डोळा मिटत आणि मग उजव्या डोळ्याने त्या वस्तूच्या कडेकडेने नजर फिरवत. म्हैस असो, रेल्वेचं इंजिन असो की कुणाच्या लग्नातलं नवं पातेलं असो, रीत हीच. मालधक्क्यावर कारकून म्हणून मी पूर्णा जंक्शनला रुजू झालो आणि रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो, त्या दिवशी हमालांनी माझं लोखंडी कपाट ओट्यावर टेकवलं होतं. शेजारच्या दारातून रुंद मनगटांचा एक माणूस बाहेर आला, माझ्याशी एक शब्दही न बोलता कपाटासमोर बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाबू, ह्याला पोट आलंय."

मला राग आला. कपाट नवं कोरं होतं, सासऱ्यांनी हौसेने दिलेलं. पण मिस्त्रींनी माझा हात धरला आणि तळवा कपाटाच्या दारावरून हलके फिरवला, तेव्हा मधोमध चांगला फुगवटा लागला. त्यानंतर ते कपाट मला कधी सरळ दिसलंच नाही. शेजार असा सुरू झाला.

मिस्त्री लोकोशेडमध्ये बॉयलरमेकर होते. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरला कुठे चीर पडली, कुठे नळी फुसफुसायला लागली की ती बुजवायची, हे त्यांचं जन्माचं काम. "गर्मी भाईर गेली की समदी मेहनत भाईर गेली, बाबू. तिला कोंडून ठिवायची," असं ते नेहमी सांगत आणि सांगताना मूठ आवळत. विनय हा गुण त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. "माज्यासारका हात परभनी जिल्ह्यात न्हाई. नांदेडात आसंल तर ठाव न्हाई, म्या तिकडं बगाया गेलो न्हाई." हे ऐकून त्यांच्या पत्नी गयाबाई आतून म्हणत, "जाऊ बी नगा. तिथल्या मानसांनी काय पाप केलंय?"

मिस्त्रींच्या मूळ वस्तीतून दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला मिरवणूक निघे. छप्पन्न साली सगळ्या वस्तीने धम्म स्वीकारला, तेव्हापासूनची ही प्रथा. फुलांनी सजवलेल्या बैलगाडीत मूर्ती ठेवायची आणि बाजारपेठेतून नदीकाठच्या विहारापर्यंत न्यायची. मी तिथे गेलो त्या वर्षी शेजारच्या गावातून गाडी यायची ठरली होती. ऐन सकाळी निरोप आला की बैल पाठवता येत नाहीत, गावातली माणसं नाराज होतील. शेवटी मूर्ती बाजेवर ठेवून चौघांनी खांद्यावर घेतली. मिस्त्री पुढच्या खुराला होते. बाजारातल्या एकाने मूर्तीकडे बोट करून मोठ्याने विचारलं, "काय झालं, पाहुण्याला चालवंना का?" आणि चार दुकानांतून हसू आलं. मिस्त्रींनी खूर खांद्यावर नीट घेतला आणि चालत राहिले. विहारात मूर्ती ठेवल्यावर मात्र त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "फुडल्या साली मूर्ती कुनाच्या बैलावर जानार न्हाई आन् खांद्यावर बी न्हाई. आशी गाडी आनतो की ह्याच दुकानांतली मानसं भाईर येऊन बगतील."

बोलून तर बसले. गाडी आणणार कुठून?

गाडी होती, पण तिला गाडी म्हणायला धाडस लागलं असतं. येलदरीच्या धरणावर आणि नंतर कालव्यांवर कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराने हैदराबादच्या कुण्या नवाबजाद्याकडून एक अमेरिकन मोटार घेतली होती. दोनच दारं, लांबलचक बॉनेट, आखूड पाठ आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन. पेट्रोलचे भाव भडकले तशी ती त्याला पोसवेना. तो गाशा गुंडाळून गेला आणि मोटार कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात तशीच पडून राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. मिस्त्री मला ती दाखवायला घेऊन गेले, उकिडवे बसले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी बोलायचं थांबलो. मला गंज दिसत होता, पत्र्याला पडलेले पोचे दिसत होते. त्यांना काही वेगळंच दिसत होतं.

"ही रेघ बगा," ते पुटपुटले. दिव्याच्या खोबणीपासून निघून, दारावरून, मागच्या चाकाच्या वर किंचित उचलून शेपटीपर्यंत गेलेली एक धार होती. "ज्यानं ही वढली तो आमेरिकेतला मिस्त्री मला भेटाया पायजे व्हता. पर शेवटाला दमला बिचारा. हितं बगा, मागं आल्यावर सोडून दिलीय. ती म्या पुरी करतो."

जिनिंगच्या शेठला जागा मोकळी हवीच होती. त्यांनी मोटार देऊन टाकली, वर एका कोपऱ्यातली शेडही वापरायला दिली. नांदेडहून ट्रकचा एक मेकॅनिक आला आणि त्याने इंजिन चालू करून दिलं. इंजिनात मिस्त्रींनी बोटही घातलं नाही. "म्या पत्र्याचा मानूस. आतलं त्यानं बगावं."

मग ड्युटी संपली की रोज शेड. मीही जाऊन बसायचो, आधी चेष्टा करायला आणि पुढे पुढे न जाऊन राहवेना म्हणून. मूर्ती उंचावर दिसावी म्हणून मिस्त्रींनी पहिल्यांदा छप्परच कापलं. गयाबाई भाकरी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. "लोकं घराला छप्पर घालायलेत आन् आमचं मानूस छप्पर कापायलंय. बगा भाऊ, काय नशीब!" मागच्या बाजूला स्प्रिंगांत ट्रकचे पट्टे घालून त्यांनी गाडीचं बूड उचललं आणि तोंड खाली आणलं, त्याबरोबर उभ्या गाडीला जणू पळण्याची घाई झाली. शेपटीला पत्र्याची वर वळलेली पट्टी जोडली आणि ती अर्धवट रेघ तिच्यात नेऊन पोचवली. जोड कुठे आहे ते मी हात फिरवून शोधत बसलो. सापडला नाही.

पत्र्यातल्या खड्ड्यात लांबीचा लगदा भरून वरून रंग मारायचा, हा त्या धंद्यातला सोपा रस्ता. मिस्त्रींना त्याची चीड होती. "लांबी भरली म्हंजे पत्रा सरळ झाला का? निस्ती लबाडी." आतून ठोकळा धरून, बाहेरून हातोडीने टकटक करत ते पत्राच जागेवर आणत. मग रॉकेलचा बोळा फिरवायचा. ओला पत्रा चकाकायला लागला की त्यात शेडच्या खांबाचं प्रतिबिंब बघायचं. खांब वाकडा दिसला की पुन्हा हातोडी. ज्या संध्याकाळी खांब बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ दिसला, तेव्हा मी उठून दुसऱ्या टोकाकडून पुन्हा बघून घेतला. मी आजवर देवळं पाहिली, लेणी पाहिली. पण एखादी सुंदर वस्तू डोळ्यांसमोर घडताना मी तेवढी एकच पाहिली.

शेवटी आलं तोंड. मूळ मोटारीला पुढे रुंद जाळी होती. मिस्त्रींना ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. "आ वासल्यावानी दिसायलंय. भुकेलं. बुद्धाचं तोंड बगा, कसं मिटल्यालं हाय. त्याची गाडी बी तशीच पायजे." त्यांनी जाळी काढली आणि तिथे एकसंध पत्रा बसवला, मधोमध हलकासा उठाव देऊन. हवेसाठी अगदी खाली बोटभर फट ठेवली. नांदेडचा मेकॅनिक असता तर कदाचित त्याने टोकलं असतं. पण तो गेला तेव्हा जाळी जागेवर होती. मला यातलं काही कळत नव्हतं. आणि मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात उष्णता कोंडायचंच काम केलेलं, ती बाहेर सोडायचं नाही.

रंग द्यायच्या दिवशी गयाबाईंनी घरातली सगळी लुगडी भिजवून शेडभर टांगली, धूळ त्यांना चिकटावी म्हणून. जमिनीवर पाणी मारलं. तोंडाने कुरकुर चालूच होती, पण वाळलेलं लुगडं पुन्हा पुन्हा भिजवायला त्याच धावत होत्या. गाडीला गडद निळा रंग दिला आणि त्या रेघेवरून बारीक पांढरी पट्टी ओढली. लुगडी बाजूला केली आणि आम्ही तिघंही मागे सरून बघत राहिलो. ती मिटल्या तोंडाची, मान खाली घातलेली निळी गाडी. मला वाटलं, ही परभणी जिल्ह्यातली नाही, अमेरिकेतली तर नाहीच नाही. गयाबाईंनी पदराने तिच्या दारावरचा एक थेंब टिपला आणि एवढंच म्हणाल्या, "चांगली झालीय."

एका पहाटे गारव्यात गाडी थोडी फिरवून आणली. छान चालली.

पौर्णिमेची मिरवणूक उन्हं कलल्यावर निघाली. वैशाखातलं ऊन, कललं तरी भाजत होतं. मागच्या आसनाच्या जागी चौरंगावर मूर्ती, पांढऱ्या साड्यांतल्या बायका पुढे, मिस्त्री स्टिअरिंगच्या चाकाशी. गाडी माणसांच्या पावलांनी चालली होती. आणि मिस्त्री म्हणाले होते तसंच घडलं. माणसं दुकानांतून बाहेर आली. कापडवाला गज हातात घेऊन पायरीवर आला, पानवाला ठेल्यावरून उतरला. सगळे नुसते बघत होते. मी शेजारून चालत होतो आणि जणू मीच ती घडवली अशा ऐटीत होतो.

बाजारातल्या चौकात बॉनेटच्या कडांतून वाफ आली. आधी थोडी, मग भसाभस. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. लगेच कुणीतरी म्हणालं, "इंजिनवाल्याची गाडी, वाफ सोडनारच की!" मागल्या वर्षीचंच ते हसू पुन्हा सुरू झालं. वस्तीतली पोरं गाडीला भिडली. "मिस्त्री, मूर्ती उतरवू का? खांद्यावर नेऊ."

"मूर्तीला हात लावायचा न्हाई," मिस्त्री म्हणाले. खाली उतरून गाडीच्या तोंडापुढे आले आणि उकिडवे बसले. डावा डोळा मिटला. त्यांना सगळं समजलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मिटल्या तोंडातून आतल्या रेडिएटरला हवा जायला वाट नव्हती. वाट करायची तर तोंड फोडावं लागणार. त्यांचा हात त्या उठावावरून फिरला आणि तिथेच राहिला.

बायकांतून गयाबाई पुढे आल्या. सीटखालची हत्यारांची पिशवी ओढून त्यांनी छिन्नी आणि हातोडी काढली आणि नवऱ्यापुढे धरली. "बगत काय बसलाव? फोडा. घडवनारे तुमीच हाव ना?"

पहिला घाव पडला तेव्हा मी मान फिरवली. मला ते बघवेना. पुन्हा पाहिलं तेव्हा मिस्त्री तिसरा काप घेत होते. उभे, लांब काप, आणि प्रत्येकाची कड बाहेर वळवून उचललेली, पापणी उघडावी तशी. भर बाजारात, हसणाऱ्या माणसांसमोर, डोळ्यांतून पाणी गळत असताना मारलेले घाव होते ते. तरी एक काप दुसऱ्यापासून केसभर ढळला नव्हता. हळूहळू हसू थांबलं. ओलं पोतं टाकून मिस्त्रींनी रेडिएटरचं झाकण सैल केलं, सगळ्यांना लांब उभं केलं. बॉयलरच्या माणसाला वाफेची रीत शिकवायला नको. पाण्याची हाक दिली तशा घागरी आल्या, बादल्या आल्या. कापडवाल्याने स्वतः माठ उचलून आणला. पाणी कुणाच्या घरचं, कोण ओततंय, हे त्या दिवशी त्या चौकात कुणी विचारलं नाही.

इंजिन गरजलं. मूर्ती चौरंगावरून हलली नाही. दिवे लागायच्या वेळेला गाडी विहारापाशी पोचली.

यानंतरची गोष्ट सांगितली तर थाप वाटेल. पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात जीपना, टेंपोंना पुढच्या बाजूला तसे उभे काप दिसायला लागले, कडा बाहेर वळवलेले. लोकांना वाटलं ही अमेरिकन फॅशन आहे. मिस्त्रींना ते बघून भयंकर राग यायचा. नक्कल केली म्हणून नव्हे. "काप वाकडे हायेत!" म्हणून.

माझी बदली झाली. स्टेशन क्वार्टरपासून हाकेवर, पण मिस्त्रींनी सामानासकट मला त्या निळ्या गाडीतच नेलं. फलाटाबाहेर उतरल्यावर मी इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. "मिस्त्री, तुमच्या हाताला काय अवघड होतं? नंतर सगळं नीट बुजवून हवेची वाट दुसरीकडून काढता आली असती. तोंड पुन्हा का मिटलं नाहीत?"

त्यांनी कापांच्या कडेवर अंगठा फिरवला. कानशीने घासून त्या कधीच्या गुळगुळीत केल्या होत्या.

"म्या चुकलो व्हतो, बाबू," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "मूर्तीनं तोंड मिटावं, तिला शोभतं. आपुन लय सालं मिटूनच बसलो व्हतो. आता पुन्ना कामून मिटायचं?"

मिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा मला पोचायला उशीर झाला. गयाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि अंगणाकडे बोट केलं. निळा रंग उडाला होता, पांढरी पट्टी पुसट झाली होती. मी गाडीसमोर गेलो आणि उभ्याने काही दिसेना म्हणून उकिडवा बसलो, डावा डोळा मिटला आणि तोंडाच्या पत्र्यावरून त्यांच्यासारखी नजर फिरवली. त्यांनी दिलेला तो उठाव एका कापापाशी थांबत होता आणि दुसऱ्या कापानंतर बरोबर तिथूनच सुरू होत होता. रडत मारलेल्या त्या घावांतही त्यांनी रेघ तुटू दिली नव्हती.