मोगऱ्यावरची गळती

"झाडांना पाणी घालायला कोणाला तरी सांगून जा," असं कोणी सहज म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. सांगून गेलेच होते की मी! चांगलं अर्धा तास सांगून गेले होते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. एटापल्लीकडे जंगलखात्याच्या लाकूड डेपोत आमचे हे कारकून होते. क्वार्टर लाकडी, उंचावर, पुढे लांबट गॅलरी. तिथे रॉकेलच्या पिप्यांत मी चार झाडं लावली होती: तुळस, मिरची, सदाफुली आणि मोगरा. मोगरा बाबांच्या हातचा. माझ्या माहेरी, सावली गावात, आमच्या विहिरीजवळ त्यांचा मोठा मोगरा होता. त्याची फांदी मातीत दाबून, मुळं धरल्यावर त्यांनी स्वतः मला पिप्यात लावून दिली. त्याच वर्षी ते गेले.

वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. पंधरा दिवस जाणं भाग होतं, आणि हे तर महिनाभर जंगलात फिरतीवर. त्या उन्हात पिप्यातली माती दुपारपर्यंत खापरासारखी व्हायची. मी बाजारातून चार मडकी आणली, बुडाला भोकं पाडली, चिंधीच्या वाती घातल्या आणि प्रत्येक झाडावर एकेक टांगलं. थेंब थेंब पाणी, दिवसभर. स्वतःच्या अकलेवर मी भलतीच खूश होते.

शेजारी डेपोतल्या चपराशाची बायको राहायची. माझ्याहून वयानं मोठी, कामाला वाघीण. तिला म्हटलं, "मावशी, सकाळी चारही मडके भरजा, बस. वात ओढू नका, भोक मोठं करू नका." ती मान डोलावत म्हणाली, "जाजा बाई बिनघोर."

माहेरी पोचले, हातपाय धुवायला विहिरीवर गेले, तर मोगरा नाही! तिथे बैलांचा मांडव उभा.

"अरे, मोगरा कुठी गेला?" मी भावावर ओरडलेच.

"उपटला. बैलं काय उन्हात बांधू?" तो म्हणाला आणि मंडपाच्या बल्ल्या मोजायला निघून गेला. बाबांचा मोगरा ह्याला बैलाच्या शेणाइतक्याही मोलाचा नव्हता! आता उरला होता तो माझ्या पिप्यातला एवढाच. लग्नात मी वाढलं, नाचले, रडले, पण चित्त सगळं गॅलरीत. लग्नानंतरची पूजा आटोपली तशी आईचा राग ओढवून चार दिवस आधीच निघाले. वैनगंगेच्या वाळूतून बैलगाडी, मग धुळीनं भरलेली सर्व्हिस मोटर, शेवटी लाकडाचा ट्रक.

जिना चढून गॅलरीत आले. तुळस हिरवीगार. तिच्यावरचं मडकं टपटप गळतंय. बाकी तीन झाडांवर मडकीच नाहीत. मोगऱ्याचं पान बोटानं धरलं तर चुरा झाला. फांदी वाकवली, कट्कन मोडली.

मी तशीच शेजारी गेले. "मावशी, माझे मडके कुठी आहेत?"

"देवळात," ती हसून म्हणाली. "महादेवावर टांगले. चारही रोज भरले बाई, एक दिवस चुकली नाई."

"महादेवावर? काऊन?"

"काऊन म्हंजे? वैशाखात गळती तुळशीवर नाई तं महादेवावर. मिरचीवर कोनी गळती धरते का? मले वाटलं, तुमचा नवस असंन, जायच्या घाईत मडके देवळात न्यायचे राहून गेले. मीच नेले. सारं गाव तुमचं नाव घेऊन राह्यलं."

ही बाई भर वैशाखात नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून पाणी आणून, देवळाची टेकडी चढून, माझ्या नावानं देवाला पाणी घालत होती. माझ्या नावाचं पुण्य आणि माझं झाड मेलेलं! शिवी तोंडापर्यंत आली होती, ती गिळावी लागली. गिळताना जास्तच संताप झाला, आणि मग मी ओट्यावर बसून भडाभडा बोलले. बाबा, विहीर, भावाचा मांडव, सगळं.

ती उठली, घागर उचलली, माझ्या गॅलरीत जाऊन मोगऱ्याच्या बुडाशी अख्खी ओतली. पाणी पिप्याच्या खालून तसंच्या तसं वाहून गेलं. मातीनं थेंबही धरला नाही.

"बाई," ती म्हणाली, "वात कशी, भोक कसं, सारं सांगतलं तुमी मले. हा बाबाचा हाय, हे काऊन नाई सांगतलं? मडक्याचं काय काम होतं? मी डोईवर घागर आणून माह्या हातानं पाजलं असतं याले."

मी तिच्यावरच खेकसले, "जा तुम्ही घरी!"

ती गेली.